कोणते जळकोट?

धर्मग्रामाचा रौप्यमहोत्सव अथवा सुवर्णमहोत्सव आला की स्मरणिका निघते. आरंभी बिशपांचा शुभसंदेश, मग धर्मगुरूंचे मनोगत, आजवर सेवा करून गेलेल्या धर्मगुरूंची छायाचित्रे, मधोमध जाहिराती, आणि शेवटच्या तीसचाळीस पानांत ‘आमचे घराणे’, ‘आमची वाटचाल’ अशा मथळ्यांखाली कुटुंबांनी लिहून दिलेल्या कुलकथा. स्मरणिकेत सर्वांत अधिक वाचली जातात ती हीच पाने. प्रत्येक घर आधी आपले पान उघडते, मग शेजाऱ्याचे. साहित्यविचार करणाऱ्यांनी मात्र या लेखनाकडे गंभीरपणे पाहिल्याचे माझ्या वाचनात नाही. ते हौशी आहे, पुनरुक्तीने भरलेले आहे, शुद्धलेखनाविषयी तर विचारूच नये; तरीही मराठवाड्यातील ख्रिस्ती माणसाने स्वतःविषयी स्वतःच्या हाताने लिहिलेले जे थोडेबहुत आहे त्यात या पानांचा वाटा मोठा आहे. नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतील कुटुंबांच्या अशा कुलकथा गेली काही वर्षे मी जमवून वाचत आलो आहे. त्यांचे दोष सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. लेखकांची नावे घेत नाही. घ्यायची झाली तर दोषी म्हणून पहिले नाव माझेच घ्यावे लागेल. ते का, हे पुढे येईलच.

जवळजवळ प्रत्येक कुलकथेचे पहिले वाक्य एकाच साच्यातले असते : आमचे पूर्वज मूळचे अमुक गावचे. दुसऱ्या वाक्यात पणजोबा मिशनऱ्यांच्या सहवासात येतात. तिसऱ्यात त्यांचा बाप्तिस्मा होतो. तेथून पुढे कोण शिक्षक झाले, कोण परिचारिका झाली, कोण पुण्याला आणि कोण आखातात गेले, असा ओघ सुरू होतो व तो शेवटी आभारांपाशी थांबतो. चार पानांच्या कथेत आरंभीच्या शंभर वर्षांच्या वाट्याला तीन वाक्ये येतात. त्या तिन्ही वाक्यांत एकही स्त्री नसते, एकही तालुका नसतो, आणि बाप्तिस्म्यापूर्वीचे एकही नाव नसते. हे तीन अभाव वरवर वेगवेगळे दिसतात; माझ्या समजुतीने ते एकच आहेत.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब माझ्याकडे आले. नातीला परिचर्येच्या अभ्यासक्रमात प्रवेश घ्यायचा होता व त्यासाठी जातीचा दाखला हवा होता. वाचकांपैकी अनेकांना या वाटेवरचे खड्डे ठाऊक आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा लाभ ख्रिस्ती झालेल्यांना मिळत नाही. शिखांचा समावेश १९५६ साली झाला, बौद्धांचा १९९० साली. आपण बाहेरच राहिलो. महाराष्ट्रात अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना इतर मागासवर्गात स्थान आहे, परंतु त्यासाठी पूर्वजांची मूळ जात कागदाने दाखवावी लागते, आणि वास्तव्याचा पुरावा १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा असावा लागतो. आजोबांचा शाळेचा उतारा होता, १९६२ सालचा. त्यात जातीच्या रकान्यात केवळ ‘ख्रिश्चन’ एवढेच होते. जन्मगावाच्या रकान्यात होते : जळकोट, जि. उस्मानाबाद.

मी थोडाफार इतिहास वाचलेला माणूस. मोठ्या आत्मविश्वासाने त्यांना समजावून सांगितले की १९६२ साली लातूर जिल्हा अस्तित्वातच नव्हता, आजचा लातूर जिल्हा तेव्हा उस्मानाबादेतच मोडत होता, तेव्हा हे जळकोट म्हणजे उदगीरजवळचे आपले जळकोट, जे आज स्वतःच तालुक्याचे गाव आहे. ओळखपत्र म्हणून एक चिठ्ठीही लिहून दिली. त्या मुलीचे वडील तीन वेळा जळकोटला गेले. दप्तरात काही निघाले नाही. गावातील वृद्धांना त्या नावाचा माणूस आठवेना. या धावपळीत प्रवेशाची मुदत टळली आणि मुलीचे एक वर्ष गेले.

पुढे एके संध्याकाळी दुसऱ्याच कामासाठी आजोबांच्या आईवडिलांच्या विवाहनोंदीची नक्कल हातात आली. वराचे गाव जळकोट. वधूचे गाव अणदूर. मी ती नक्कल पूर्वीही पाहिली होती. वधूच्या रकान्याकडे पाहण्याची गरज मला वाटली नव्हती. अणदूर हे तुळजापूर तालुक्यात, नळदुर्गाच्या शेजारी, सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचे गाव. त्याच रस्त्यावर, त्याच तालुक्यात दुसरे एक जळकोट आहे. तेही जिल्हा उस्मानाबाद. म्हणजे १९५६ ते १९८२ या काळात दोन्ही जळकोटे एकाच जिल्ह्यात होती आणि शाळेच्या कारकुनाने लिहिलेला पत्ता दोघांनाही तंतोतंत लागू पडत होता. मी इतिहासाच्या आधारे जे अनुमान केले ते चुकीचे होते, असे नव्हे. ते अर्धे होते.

हे केवळ एका जळकोटाचे दुर्दैव असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. आपला सारा प्रदेशच असा आहे. १९५६ सालच्या राज्यपुनर्रचनेपर्यंत निलंगा, उदगीर आणि अहमदपूर हे तालुके बिदर जिल्ह्यात होते. त्या वर्षी ते उस्मानाबादेत आले व ऑगस्ट १९८२ मध्ये लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा लातुरात गेले. १९२० साली निलंग्यात जन्मलेला मनुष्य जागचा न हलता तीन जिल्ह्यांचा रहिवासी झाला. नांदेडची गोष्ट याहून गुंतागुंतीची. किनवट तालुका आणि इस्लापूर मंडळ आदिलाबादेतून नांदेडात आले. उलट मुधोळ, भैंसा व कुबेर ही मंडळे नांदेडातून आणि बिचकुंदा व जुक्कल ही देगलूर तालुक्यातील मंडळे आंध्रात गेली व आज ती तेलंगणात आहेत. देगलूरच्या एखाद्या घराण्याचे मूळ गाव आज परराज्यात निघाले तर त्यात आश्चर्य नाही. गाव तेथेच आहे, सीमा उठून गेली.

आणि नावे. अहमदपूरचे जुने नाव राजूर, राजुरा असेही लिहिले जाई. गेल्या शतकाच्या आरंभीच्या इंपीरियल गॅझेटिअरमध्ये बिदर जिल्ह्यातील तालुका म्हणून ‘वरवाल-राजुरा’ असे नाव आढळते. दुसरे राजुरा आदिलाबाद जिल्ह्यात होते, ते १९५६ साली तेव्हाच्या मुंबई राज्यात येऊन पुढे चंद्रपुराकडे गेले. तिसरे राजूर गणपतीचे, भोकरदनजवळ. चौथे अकोले तालुक्यात. निजामाच्या मुलखातील एखाद्या जुन्या कागदावर केवळ ‘राजुरा’ असे वाचले तर निदान दोन ठिकाणी शोध घ्यावा लागतो. शिरूरचे तेच : अनंतपाळ, ताजबंद, कासार, शिवाय घोडनदीकाठचे. उदगीर तालुक्यात वाढवणा आहे आणि नांदेडातील हिमायतनगराचे जुने नाव वाढोणा. बुद्रुक आणि खुर्द तर पावलोपावली. फारसीत त्यांचा अर्थ थोरले आणि धाकटे. पण आज कित्येक ठिकाणी खुर्द वाढून बुद्रुकाहून मोठे झाले आहे, आणि सांगणारा बहुधा मोठ्याचेच नाव सांगतो. अंबाजोगाई मोमिनाबाद होती. धाराशिव उस्मानाबाद झाले, २०२३ साली पुन्हा धाराशिव झाले. किल्लारी आणि आसपासची गावे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दुसऱ्या जागी वसली. नाव तेच, गावठाण वेगळे. तिथल्या माणसाने ‘आमचे मूळ गाव’ म्हटले तर कोणत्या जागेकडे बोट करायचे?

यात लिपींची भर पडते. निजामी अमलात पटवाऱ्याची वही बहुधा मोडीत, वरच्या कचेरीचा कागद उर्दूत, त्याआधीचा फारसीत, आणि अखेर इंग्रजीत वा देवनागरीत उतरलेली नक्कल. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळला जात नाही आणि शब्द सलग लिहिले जातात. उर्दूत ‘ळ’ नाही, ‘ण’ नाही; जळकोटचे जलकोट होते, वाढवण्याचे वाढवना. आरंभीच्या अलिफावर खूण नसेल तर उमरी, इमरी आणि अमरी यांचे लेखन एकच. भोकरचा ‘भ’ आणि बोकरचा ‘ब’ यांत फरक करणारी ‘हे’ लेखकाच्या लहरीवर. कंधार तर इंग्रजी गॅझेटिअरात अफगाणिस्तानातल्या शहरासारखेच ‘कंदाहार’ म्हणून छापलेले आहे, आणि नांदेड ‘नांदेर’ म्हणून. सन फसली. त्यात ५९० मिळवावे तर ते ऑक्टोबर ते डिसेंबरपुरतेच बरोबर, कारण हैदराबादेत फसली वर्ष ऑक्टोबरात सुरू होई. उरलेल्या महिन्यांना ५९१. महिने आजूर, दै, बहमन असे इराणी. हे सारे ओलांडून नाव आपल्यापर्यंत येते आणि आपण ते ‘मूळचे जळकोटचे’ म्हणून एका ओळीत उतरवून मोकळे होतो.

येथे कोणी म्हणेल, आडनाव आहे ना! मराठी माणसाच्या आडनावातच गाव असते. असते खरे, पण ते काय सांगते ते नीट पाहावे. निलंग्यात राहणाऱ्याला निलंगेकर म्हणण्याचे कारण पडत नाही. गाव सोडून माणूस दुसरीकडे स्थायिक झाला म्हणजे तेथील लोक त्याला त्याच्या मागच्या गावाने ओळखतात. देगलूरकर, उदगीरकर, कंधारकर, औसेकर ही नावे म्हणजे गाव सोडल्याच्या पावत्या आहेत. नरहर कुरुंदकरांचे आडनाव वसमत तालुक्यातील कुरुंद्याचे, आणि त्यांची कर्मभूमी नांदेड. ही रीत फार जुनी. राष्ट्रकूट राजे स्वतःला ‘लत्तलूरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, आणि पुढे सौंदत्तीच्या रट्टांनीही तेच बिरुद लावले. हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर, हे मत आज रूढ आहे. पूर्वी त्याविषयी विद्वानांत एकमत नव्हते. सांगायचे ते असे की लातूरचे मूळ सांगणारे आपल्याला माहीत असलेले पहिले लोक लातुरात राज्य करीत नव्हते.

शिवाय आपल्या पूर्वजांपैकी बहुतेकांच्या बाबतीत आडनावाचा आधारही मिळत नाही. जुन्या कागदांत नाव असते, वडिलांचे नाव असते, मध्ये ‘बिन’ किंवा ‘वल्द’ असते. राणू वल्द सटवा. बस. आडनाव शाळेच्या दाखल्याबरोबर आले. आता या राणूचा बाप्तिस्मा होऊन तो योहान झाला असे समजा. मिशनच्या वहीत योहान. गावच्या दप्तरात मरेपर्यंत राणू. या दोन वह्यांना जोडणारे धागे तीनच : बापाचे नाव, बायकोचे नाव आणि गाव. त्यांतील गावाचा भरवसा किती, ते वर पाहिले.

म्हणूनच आपल्या नोंदवह्यांकडेही टीकाकाराच्या नजरेने पाहावे लागते. बाप्तिस्म्याच्या नोंदीत काय असावे हे धर्मसभेच्या कायद्याने ठरवून दिले आहे : नाव, संस्कार देणारा, आईवडील, धर्ममातापिता, असल्यास साक्षीदार, संस्काराचे स्थळ व तारीख, जन्माचे स्थळ व तारीख. जात विचारलेली नाही, आणि विचारलेली नाही हे उत्तमच आहे. आज दाखल्यासाठी अडचण होते म्हणून त्या शहाणपणाला दोष देता येणार नाही. पण ‘स्थळ’ या शब्दाने मोठा घोटाळा केला आहे. औरंगाबादकडे घोगरगाव, बोरसर येथे आरंभी काम करणारे मिशनरी फ्रान्सच्या सव्हॉय भागातून आलेले. ते मैलोन्‌मैल पायी आणि घोड्यावरून फिरत. बाप्तिस्मा एका गावी, राहणे दुसऱ्या गावी, वही तिसऱ्याच ठिकाणी. लॅटिन वाक्यात मराठी गाव घालताना त्यांनी ते आपल्या कानाने ऐकले तसे लिहिले. पुन्हा वरचा कारभारही बदलत गेला : नागपूर धर्मप्रांत १८८७ चा, त्यातून अमरावती १९५५ साली, त्यातून औरंगाबाद १९७७ साली. त्या बाजूने नोकरीसाठी नांदेडला आलेल्या एखाद्या कुटुंबाला पणजोबांची नोंद हवी असेल तर ती कोणत्या धर्मग्रामाच्या कोणत्या वहीत आहे, हे आधी त्या काळचा नकाशा मांडून ठरवावे लागते. काही घराण्यांचे मूळ तर बिदरच्या मेथडिस्ट मिशनमध्ये आहे, आणि ते सांगायला आपण उगाच संकोचतो.

२०२३ पासून हा शोध केवळ आपला उरलेला नाही. त्या वर्षी ७ सप्टेंबर रोजी न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली, आणि मराठवाड्यातील तहसील कचेऱ्यांत कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. खासरा पत्रक, पाहणी पत्रक, १९५१ ची राष्ट्रीय नोंदवही, गाव नमुना १४, शाळांच्या प्रवेश-निर्गम वह्या असे शब्द चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागले. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना अचानक मान आला. पुढे २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटिअरचा आधार मान्य केला, त्यास आव्हानही दिले गेले. आरक्षणाच्या वादात मत देणे हे या लेखाचे काम नव्हे. परंतु वाचनाच्या दृष्टीने एक गोष्ट या निमित्ताने साऱ्यांच्या ध्यानात आली : गॅझेटिअरात संख्या असतात, नावे नसतात. अमुक जिल्ह्यात अमुक जातीचे इतके लोक, एवढे ते सांगते. त्यांत तुमचा पणजोबा होता की नाही, हे सांगत नाही. म्हणूनच त्या निर्णयातही अखेर गावातील माणसांना, भावकीतील लोकांच्या प्रतिज्ञापत्रांना आणि गावपातळीवरील चौकशीला जागा ठेवावी लागली. छापील ग्रंथ कितीही जाड असला तरी ‘हा आमचा’ असे म्हणणारे कोणीतरी लागते.

निलंग्यात १९१० साली जन्मलेले सेतुमाधवराव पगडी हैदराबादच्या सेवेत होते आणि पुढे महाराष्ट्राच्या गॅझेटिअर विभागाचे सचिव झाले. फारसी, उर्दू, तेलुगू, गोंडी अशा भाषा त्यांना अवगत होत्या. अशा तोलाचा माणूसच कागदाचा हा प्रवास उलट दिशेने करू शकतो. आपल्यासारख्यांना दुसरा मार्ग शोधावा लागतो, आणि तो माझ्या मते स्त्रियांच्या माहेरचा आहे.

मराठीत ‘कुलवृत्तांत’ नावाचा एक रीतसर वाङ्मयप्रकार आहे. विसाव्या शतकात अनेक घराण्यांनी, विशेषतः कोकणस्थ ब्राह्मण घराण्यांनी, आपले कुलवृत्तांत छापले. त्यांच्यावर करता येण्यासारखी टीका पुष्कळ आहे. गोत्र, कुलदैवत, शाखा, पिढ्यांचे क्रमांक. पराक्रमी पुरुषांना पाने, बाकीच्यांना ओळ. मुली लग्न होऊन गेल्या की पुस्तकातून नाहीशा. जातीचा अभिमान पानोपानी. तरीही एक गोष्ट त्यांनी सहसा सोडली नाही : सून आली की तिचे माहेरचे नाव, वडिलांचे नाव, अनेकदा गावही. त्यांनी ते बहुधा सोयरिकीची प्रतिष्ठा दाखवण्यासाठी केले असेल. पण परिणाम असा झाला की दोन राजुऱ्यांचा घोळ झालाच तर सुनेच्या माहेरावरून तो सुटू शकतो, कारण पायी आणि बैलगाडीने प्रवास करणाऱ्या काळात सोयरीक सहसा जवळच्या मुलखात होई. आपण ख्रिस्ती लोक, ज्यांच्या विवाहनोंदीत वधूचे आईवडील आणि गाव लिहिण्याची रीत आहे, त्यांनी छापील कुलकथेत मात्र ‘त्यांचा विवाह मार्था हिच्याशी झाला’ एवढ्यावर भागवावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

आणि वंशावळ कशी लिहावी याचे धडे तर आपल्याच ग्रंथात आहेत. मत्तयाची वंशावळ आगमनकाळात आपण वाचतो तेव्हा लोक चुळबुळ करतात. नावे लांबलचक आहेत हे खरे. पण त्या नावांत तामार आहे, राहाब आहे, रूथ आहे, उरीयाची पत्नी आहे. पुरुषांची साखळी पुरी दाखवायची असती तर यांची गरज नव्हती. उलट साखळीतले तीन राजे मत्तयाने गाळले, चौदांचा हिशेब जमावा म्हणून. राजे गाळले आणि परक्या कुळातल्या बायका ठेवल्या. लूकची यादी वेगळी आहे. मत्तयाप्रमाणे योसेफच्या वडिलांचे नाव याकोब, लूकप्रमाणे एली. यावर पंडितांनी दीर्घ खल केला आहे. मला लक्षणीय वाटते ते असे की धर्मसभेने दोन्ही पाठ ठेवले. दुसऱ्या शतकात तातियानाने चार शुभवर्तमानांचे एक सलग वृत्त तयार केले तेव्हा त्याने वंशावळीच वगळल्या. मेळ बसत नसेल तर गाळून टाकणे, हा मोह जुनाच आहे.

एज्राच्या ग्रंथाचा दुसरा अध्याय तर तहसील कचेरीत बसून वाचावा. बंदिवासातून परतणाऱ्यांची यादी आहे. त्यात तेल-मेलह, तेल-हर्शा अशा ठिकाणांहून आलेले ६५२ लोक आहेत, ज्यांना आपले पितृकुल सांगता आले नाही. काही याजकांची मुले आहेत. त्यांनी नोंदी शोधल्या, सापडल्या नाहीत, म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवले. त्यांतील एका घराण्याने बायकोच्या कुळाचे, बर्जिल्लयाचे नाव घेतले होते. आपल्याकडे घरजावयाचे आडनाव बदलते व पुढे दाखला अडतो, तसेच. हीच यादी नहेम्याच्या सातव्या अध्यायात पुन्हा येते. तेथे ६५२ ऐवजी ६४२ आहेत, आणि एका ठिकाणाच्या नावातही फरक आहे. नक्कल करताना दहा माणसे हरवली. पण यादीतून त्या लोकांना कोणी काढले नाही. ज्यांचा कागद सापडला नाही तेही मोजले गेले, त्यांच्या गावांच्या नावांसह. आणि गावांविषयी म्हणाल तर बेथलेहेमही दोन होती. यहोशवाच्या ग्रंथात जबुलूनाच्या वाट्यात एक आहे. ‘यहूदियातील बेथलेहेम’ असे शुभवर्तमानकार लिहितो तेव्हा तो तालुका लिहीत असतो.

आपल्या कुलकथांचा सर्वांत मोठा दोष मात्र मी अजून नीट मांडलेला नाही. बाप्तिस्म्यापूर्वी जणू कोणी नव्हतेच, अशा रीतीने आपण लिहितो. यामागे श्रद्धा आहे हे मला मान्य. नवजन्माची भाषा आम्ही धर्मगुरूंनीच शिकवली. तरी त्यामागे थोडी लाजही आहे. आजीचे जुने नाव, तिचा देव, गावकुसाबाहेरचे घर हे छापायला हात धजत नाही. मग पणजोबा मिशनच्या फाटकापाशी अचानक उभे राहिलेले दिसतात, मेल्खिसदेकासारखे, आईबापांवाचून. मेल्खिसदेकाला जातीचा दाखला लागत नव्हता. आपल्या नातवंडांना लागतो, आणि तो त्या न छापलेल्या नावांत अडकलेला असतो. दाखल्याचा प्रश्न उद्या सुटला असे धरले, तरी ज्या बाईने दोन दुष्काळांत घर जगवले तिला केवळ तिचे नाव ठकू होते म्हणून कुलकथेतून वगळणे योग्य ठरत नाही.

त्या कुटुंबाचे पुढे काय झाले ते सांगतो. दुसऱ्या वर्षी ते तुळजापूर तालुक्यातील जळकोटला गेले. जन्म-मृत्यूच्या जुन्या वहीत, पणजोबांच्या विवाहाच्या दुसऱ्या वर्षी, त्यांच्या घरातील नोंद निघाली. बापाचे नाव विवाहनोंदीतील योहान नव्हते, राणू होते. आजाचे नाव जुळत होते. आईचे नाव ठकू, माहेर अणदूर. जात लिहिलेली होती. गावच्या दप्तराने बाप्तिस्म्याची दखल घेतलेली नव्हती, आणि त्यामुळेच कागद उपयोगी पडला. दाखला मिळाला, मुलगी परिचारिका झाली.

ती नोंद जन्माची नव्हती, मृत्यूची होती. मुलगा, वय अकरा दिवस, नाव नाही. राणू आणि ठकूचे पहिले मूल. घरात कोणालाच त्याच्याविषयी काही माहीत नव्हते. आजोबा स्वतःला थोरले समजत आले होते. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांनी कुलकथा पुन्हा लिहून दिली आहे. पहिल्या वाक्यात जळकोटपुढे तालुका आहे, कंसात त्या काळचा जिल्हा आहे. पणजीची दोन्ही नावे आहेत, मार्था आणि ठकू, अणदूरसह. मुलांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर त्यांनी ‘मुलगा’ एवढेच लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे, आणि ती मुद्रकाने भरून काढू नये असे समासात पेन्सिलीने मला कळवले आहे.